हंटिंग बोसाठी स्टॅबिलायझर कसा निवडायचा: लांबी, वजन आणि तोल, सगळं पायरी पायरीनं

स्टॅबिलायझर, म्हणजे धनुष्याला पुढे लावायचा वजनाचा दांडा, घ्यायचा म्हटलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो की आठ इंची घेऊ का दहा इंची, आणि दुसरा प्रश्न कुठल्या कंपनीचा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत पण ते खूप नंतरचे आहेत. आधी बघायचं असतं ते आपलं स्वतःचं धनुष्य, म्हणजे शिकारीला नेतो तसं सगळं सामान लावून ते हातात धरल्यावर कुठल्या बाजूला कलतं, फुल ड्रॉला, म्हणजे दोरी पूर्ण ओढून धरल्यावर, पिन (साइटमधला नेम धरायचा ठिपका) कशी हलते, आणि आपण ते न थरथरता किती वेळ धरू शकतो. ही तीन उत्तरं मिळाली की लांबी आणि वजन जवळजवळ आपोआप ठरतं. मला तर वाटतं स्टॅबिलायझरवर फुकट जाणारे निम्मे पैसे ही उत्तरं न शोधता आधी खरेदी केल्यामुळेच जातात.

खालचं सगळं कम्पाउंड बो, म्हणजे टोकांना चाकं (कॅम) असलेलं धनुष्य, डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, बिनचाकाच्या रिकर्व्हचं शेवटाकडे थोडं आहे. उजव्या हातानं दोरी ओढणाऱ्याच्या हिशोबानं डावं-उजवं लिहिलंय, डावखुऱ्यांनी उलटं वाचायचं. आणि शिकार अर्थातच जिथे कायद्यानं परवानगी आहे, सीझन आहे, लायसन्स आहे तिथेच. ज्यांना नुसतं थ्रीडी टार्गेटवर (प्राण्याच्या आकाराच्या पुतळ्यावर) शूट करायचंय त्यांनाही यातलं सगळंच लागू पडतं.

आधी हा दांडा करतो काय ते समजून घ्या

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या अर्ल हॉयट ज्युनियर यांनी धनुष्याच्या पुढे वजन लावलेला दांडा आणला तेव्हा त्याचं काम एकच होतं, बाण सुटताना धनुष्य हातात फिरू नये. आजही मुख्य काम तेच आहे. दोरीवर चालणारा डोंबारी हातात लांब काठी आडवी का धरतो, तर काठीच्या टोकांचं वजन लांब असल्यामुळे त्याला झटकन कलायलाच होत नाही, सावरायला वेळ मिळतो. स्टॅबिलायझर तेच करतो.

इथे एक हिशोब लक्षात ठेवायचा, पुढे सगळीकडे तोच कामाला येतो. फिरायला होणारा विरोध हा वजनाच्या पटीत वाढतो पण अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणजे वजन दुप्पट केलं तर विरोध दुप्पट, पण तेच वजन दुप्पट लांब नेलं तर विरोध चौपट. उदाहरणच घ्या, १० इंचांच्या बारच्या टोकाला ४ औंस, म्हणजे साधारण ११३ ग्रॅम, आणि दुसरीकडे ६ इंचांच्या बारला ८ औंस, म्हणजे २२७ ग्रॅम. बारचं स्वतःचं वजन सोडून दिलं तर पहिल्याचा आकडा ४ × १० × १० म्हणजे ४०० येतो आणि दुसऱ्याचा ८ × ६ × ६ म्हणजे २८८. निम्म्या वजनात लांब बार जास्त काम करतोय! त्यामुळे आखूड आणि जाडजूड स्टॅबिलायझर हातात घेऊन "वा, काय वजनदार आहे" असं वाटणं आणि तो उपयोगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरं काम तोल साधण्याचं, म्हणजे साइट आणि क्विव्हरमुळे (बोवरच्या बाणांच्या भात्यामुळे) बो एका बाजूला कलतो ते सावरणं. तिसरं काम कंप आणि आवाज कमी करणं, ज्याची जाहिरात सगळ्यात जास्त होते. पण नीट विचार करा, बाण दोरीवर असतो तो सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास, आणि हाताला जो झणझणाट जाणवतो तो बहुतेक सगळा बाण निघून गेल्यानंतरचा असतो. म्हणजे कंप कमी होणं हे हाताला बरं, आवाज कमी होतो म्हणून शिकारीतही बरं, पण त्या बाणाचा नेम त्यानं सुधारत नाही. नेम सुधारतो तो पहिल्या दोन कामांमुळे, म्हणून निवडताना कंपाला तिसरा नंबर द्यायचा.

आणि काही गोष्टी कुठलाच स्टॅबिलायझर दुरुस्त करत नाही. ड्रॉ लेंथ (दोरी ओढायचं अंतर) जास्त असेल, ड्रॉ वेट (ओढायला लागणारा जोर) झेपत नसेल, ग्रिप मुठीत आवळून धरायची सवय असेल तर आधी ते. ग्रिपचा दाब अंगठ्याच्या खालच्या मांसल भागावर, बोटं सैल, हे जमलं की मगच पुढे वाचण्यात अर्थ आहे, कारण आवळलेल्या मुठीत बो पिळवटतोच आणि मग तुम्ही त्या पिळावर उपाय म्हणून वजन वाढवत बसता.

पायरी १: बो पूर्ण सजवा, मगच मोजा

साइट, रेस्ट (बाण टेकवायचा आधार), क्विव्हर, क्विव्हरमध्ये नेता तेवढे बाण, रिस्ट स्लिंग (मनगटाचा पट्टा), रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) बोवर लावत असाल तर तोही, सगळं लावा. दुकानातला मोकळा बो आणि शिकारीचा बो यांचा तोल पूर्ण वेगळा असतो. मोकळा कम्पाउंड बो साधारण पावणेदोन ते दोन किलोच्या आसपास असतो, त्यावर साइट, रेस्ट आणि बाणांनी भरलेला क्विव्हर चढला की एक किलो कधी वाढला कळत नाही. वजनकाट्यावर टांगून खरा आकडा लिहून ठेवा, पुढे वजनं ठरवताना लागणार आहे.

आता क्विव्हरचा निर्णय. काही जण झाडावर किंवा ब्लाइंडमध्ये (लपून बसायच्या आडोशात) बसले की क्विव्हर काढून बाजूला टांगतात, काही जण बोवरच ठेवतात. दोन्ही चालतं पण एक काहीतरी ठरवा आणि तोल त्याच अवस्थेत साधा. आज लावून उद्या काढून असं केलं तर उजव्या बाजूचं चारपाचशे ग्रॅम वजन येत-जात राहतं आणि मग कुठलाही स्टॅबिलायझर बरोबर वाटत नाही.

अजून एक, साइटचा बबल (पाणसळीतला बुडबुडा) खरा आहे का ते आत्ताच तपासा. बो व्हाइसमध्ये धरून दोरी ओळंब्यानं उभी करा आणि बबल मध्ये येतो का बघा. नसेल तर साइटची सेकंड ॲक्सिस (बबलचा डावा-उजवा कल) जुळवा. खोटा बबल धरून तोल साधत बसलात तर सगळी मेहनत पाण्यात.

पायरी २: बो कुठे कलतोय ते शोधा

जवळच्या बटसमोर (बाण अडवणाऱ्या टार्गेटसमोर), पाचेक मीटरवर उभे राहा, बाण दोरीला लावलेला असू द्या कारण बाणाशिवाय दोरी चुकून सुटली तर बो आणि तुम्ही दोघांनाही इजा होऊ शकते. डोळे उघडे ठेवून फुल ड्रॉला या, अँकर करा (दोरीचा हात चेहऱ्यावर नेहमीच्या जागी टेकवा), बोट रिलीजच्या (दोरी सोडायच्या उपकरणाच्या) ट्रिगरच्या मागे. आता डोळे मिटा, हात सैल करून धनुष्याला जसं राहायचंय तसं राहू द्या, दोनतीन श्वास घ्या आणि डोळे उघडून बबल बघा. मग दोरी हळूच परत सोडा. हे चारपाच वेळा करा, मध्ये विश्रांती घेऊन.

बबल नेहमी उंच बाजूला जातो. म्हणजे बबल डावीकडे पळाला असेल तर बोचा वरचा भाग उजवीकडे कललाय. उजव्या हाताच्या बोवर साइट आणि क्विव्हर दोन्ही उजवीकडे असतात म्हणून बहुतेकांचं असंच निघतं. डोळे उघडे असताना आपण मनगट फिरवून हे नकळत सरळ करतो, आणि ते मनगटाचं फिरवणं म्हणजेच टॉर्क. वीस यार्डांवर त्याचा त्रास फारसा दिसत नाही, चाळीसवर ग्रुप (बाणांचा पुंजका) आडवा पसरायला लागतो. कललेल्या बोचा बाण कललेल्या बाजूलाच जातो, वरचा भाग उजवीकडे तर बाण उजवीकडे आणि थोडा खाली.

डोळे मिटून बो सरळच राहत असेल तर छान, तुम्हाला कदाचित एकच पुढचा बार पुरेल. सारखा कलत असेल तर बॅक बारचा (मागच्या बाजूला जाणाऱ्या दुसऱ्या दांड्याचा) विचार करावा लागणार हे इथेच ठरलं.

याच वेळी पिनकडे पण लक्ष द्या, यावेळी डोळे उघडे. पिन बारीक बारीक आणि झटक्यानं थरथरते, का मोठे संथ हेलकावे घेते, का दर वेळी खाली घसरते? कागदावर टिपून ठेवा. ॲक्सल टू ॲक्सल (दोन्ही टोकांच्या चाकांच्या आसांमधलं अंतर) तीस इंचांच्या आतले आखूड बो आजकाल शिकारीला खूप वापरतात, नेआण करायला सोपे, पण ते मुळातच चंचल, त्यांच्यात थरथर जास्त दिसते आणि स्टॅबिलायझरचा फायदाही त्यांनाच जास्त होतो.

पायरी ३: विकत घ्यायच्या आधी वॉशर लावून बघा

ही पायरी लोक गाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोलाची आहे. रायझरवरच्या (बोच्या मधल्या कडक भागावरच्या) स्टॅबिलायझरच्या भोकाचे आटे ५/१६-२४ मापाचे असतात, म्हणजे व्यास पाच-सोळांश इंच आणि इंचाला २४ आटे. याच मापाचा आटे पाडलेला रॉड हार्डवेअरवाल्याकडे मिळाला तर साधारण १० इंच तुकडा घ्या, टोकाला मोठे वॉशर आणि दोन्ही बाजूनी नट. झाला ट्रायल स्टॅबिलायझर.

पण इथे एक काळजी घ्या, हात जोडून सांगतो. एम ८ चा बोल्ट दिसायला अगदी सेम असतो, व्यासही जवळजवळ तोच, ५/१६ म्हणजे ७.९४ मिलिमीटर आणि एम ८ म्हणजे ८. पण आट्यांमधलं अंतर वेगळं, नेहमीच्या एम ८ ला १.२५ मिलिमीटर आणि ५/१६-२४ ला साधारण १.०६. एकदोन फेरे सहज जातो आणि मग अडतो, आणि आपल्याला वाटतं की जरा घट्ट आहे, पाना लावून फिरवू, आणि रायझरच्या मऊ अॅल्युमिनियमचे आटे कायमचे जातात. बोटांनी शेवटपर्यंत फिरत गेला तरच बरोबर, नाहीतर तो बोल्ट आपला नाही.

हा रॉड फक्त ओढून नेम धरायला, बाण सोडायला नाही, कारण दणक्यानं नट सैल होतात आणि वॉशर उडू शकतात. बाण लावून बटकडे तोंड करून फुल ड्रॉला या, दहा-पंधरा सेकंद पिन बघा, परत सोडा. मग वॉशर वाढवा, परत बघा. वॉशर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून त्याचे गट करून ठेवले तर साधारण ६०, ९०, १२० ग्रॅमला काय होतं हे एका संध्याकाळी कळतं. स्टीलचा रॉड स्वतः पण जड असतो त्यामुळे आकडे कार्बन बारशी तंतोतंत जुळणार नाहीत, पण तुम्हाला पुढे वजन हवंय का नको, आणि साधारण किती, हे नक्की कळतं. ओळखीच्या कुणाकडे ॲडजस्टेबल बार असेल तर दोन दिवस मागून घ्या, ते तर सगळ्यात उत्तम.

पायरी ४: लांबी ठरवा, पण जागा बघून

टार्गेटवाले लोक ३० इंच किंवा त्याच्याही आसपासचा पुढचा बार वापरतात आणि त्यांचे पिन भिंतीला चिकटल्यासारखे स्थिर दिसतात, म्हणून शिकारीलाही जितका लांब तितका बरा असं वाटू शकतं. हिशोबाप्रमाणे ते खरंही आहे. पण शिकार मोकळ्या मैदानात पांढऱ्या रेषेवर उभं राहून होत नाही.

ग्राउंड ब्लाइंडमध्ये बसून शूट करणार असाल तर खिडकीची चौकट आणि जाळी हा खरा प्रश्न. बार खिडकीबाहेर डोकावला तर जनावराला हालचाल दिसते, आणि आत ठेवून मागे सरकायला तेवढी जागा नसते. इथे ६ ते ८ इंच ठीक. ट्री स्टँडवर (झाडावरच्या मचाणावर) पुढे जागा भरपूर असते, पण बसल्या बसल्या बो मांडीवरून उचलून ओढताना बार रेलिंगला, फांदीला, कधी बुटाला लागतो, ८ ते १० इंचापर्यंत त्रास होत नाही. चालत जाऊन, लपत-छपत मोकळ्या रानात शिकार करणारे लांबवर नेम धरतात, वाऱ्यात उभे असतात, त्यांना १० ते १२ इंचांचा खरा फायदा होतो, फक्त दिवसभर खांद्यावर बो वागवायचाय हे विसरायचं नाही. दाट झुडपातून जायचं असेल तर परत ८ वर या.

थ्रीडी स्पर्धांमध्ये हंटर गटात खेळायचा विचार असेल तर नियम आधी वाचा, अशा गटांमध्ये पुढच्या बारला बहुतेक वेळा १२ इंचांची मर्यादा असते, आणि ती क्विक डिस्कनेक्टसकट (बार झटकन काढायच्या जोडासकट) मोजली जाऊ शकते.

एकच घ्यायचाय आणि काही ठरत नाहीये तर १० इंची घ्या. खूपशा परिस्थितीत तो अडत नाही आणि ६ इंचीपेक्षा फरक लगेच जाणवतो. ६ इंची बार मी फक्त ब्लाइंडवाल्यांना सुचवेन, बाकीच्यांना त्याचा उपयोग थोडा कंप कमी होण्यापलीकडे फारसा होत नाही.

पायरी ५: बॅक बार हवा का?

पायरी २ मध्ये बबल सारखा एका बाजूला गेला असेल तर हो. पुढचा बार कितीही महाग घेतला तरी तो डावा-उजवा कल काढू शकत नाही, कारण तो मधोमध आहे. त्यासाठी वजन विरुद्ध बाजूलाच हवं, म्हणजे क्विव्हर उजवीकडे तर बॅक बार डावीकडे, थोडा मागे, थोडा खाली.

मागच्या बारला पुढच्यापेक्षा जास्त वजन लागतं, साधारण दीडपट ते तिप्पट, आणि यात कंपनीची काही चलाखी नाहीये. बॅक बारचा ब्रॅकेट बऱ्याचदा ग्रिपच्या पुढेच बसतो, बारही आखूड, शिवाय तो बाहेरच्या बाजूला वळवलेला, त्यामुळे ग्रिपच्या मागे त्याचं टोक प्रत्यक्षात फार कमी जातं. अंतर कमी मिळतं म्हणून वजनानं भरून काढायचं. काही रायझरना खालच्या भागात मागच्या बाजूला वेगळं भोक असतं, ते असेल तर तेच वापरा, बार मागूनच सुरू होतो, वजन खाली येतं आणि कमी वजनात काम भागतं.

बॅक बारची लांबी शिकारीसाठी ६ ते ८ इंच खूप झाली. घेताना ब्रॅकेट दोन्ही दिशांना फिरणारा घ्या, आडवा आणि उभा. बार जास्त बाहेर वळवला की डावा-उजवा कल जास्त सुधारतो, आत वळवून मागे नेला की पुढचं ओझं जास्त तोलतो. आणि बसवल्यावर हे नक्की बघा की फुल ड्रॉला आणि दोरी सुटल्यावर बार दोरीला, केबलला, कॅमला कुठेच लागत नाही. जाड जॅकेट घालून, गुडघ्यावर बसून, दोन्ही बाजूला वळून ओढून बघा, बार कमरेला किंवा मांडीला टेकतोय का. टेकत असेल तर कोन बदला, नाहीतर आखूड बार घ्या.

बॅक बार नको असेल तर दुसरा मार्ग आहे, पुढचाच बार डावीकडे सरकवून लावता येतो असा ऑफसेट ब्रॅकेट. बॅक बारइतकं काम होत नाही पण सुटसुटीत राहतं.

पायरी ६: वजन, आणि पिन काय सांगते ते ऐकणं

सुरुवात कमी वजनानं करा. पुढे ३ औंस म्हणजे ८५ ग्रॅमच्या आसपास, मागे ६ औंस म्हणजे १७० ग्रॅम. एका वेळी एकच बदल, एकच औंस, आणि प्रत्येक बदलानंतर थोडे बाण.

पिन खाली घसरत असेल आणि तुम्ही ती वर ओढत असाल तर पुढे वजन जास्त झालंय, पुढचं एक काढा किंवा मागे एक वाढवा. पिन वर तरंगत असेल, खाली आणायला जोर लागत असेल तर उलट. पिन झटक्या झटक्यानं बारीक थरथरत असेल तर एकूण वजन कमी पडतंय, पुढे-मागे दोन्हीकडे प्रमाणात वाढवा. पिन मोठे संथ झोके घेत असेल, मधूनमधून स्थिर होते पण परत वाहत जाते, आणि खांदा पेटायला लागलाय, तर वजन झेपत नाहीये, कमी करा. डावीकडे-उजवीकडे हलत असेल तर आधी उभं राहण्याची पद्धत बघा, पाय टार्गेटच्या रेषेत नसले की शरीर धनुष्याला एका बाजूला खेचतं, ते बरोबर असूनही हलत असेल तर बॅक बारचा कोन बदला.

हे सगळं करताना एक गोष्ट मनात पक्की ठेवा की पिन पूर्ण थांबणार नाही, कुणाचीच थांबत नाही. पिन हळू आणि मध्याच्या आसपास हलते आहे एवढं मिळालं की पुरे.

शेवटी ठरलेलं वजन थकलेल्या हातानं तपासा. ताज्या हातानं संध्याकाळच्या पहिल्या दहा बाणांना जे वजन मस्त वाटतं तेच चाळिसाव्या बाणाला खांदा खाली ओढतं. शिकारीत जनावर समोर येऊन थांबतं, एक पाऊल टाकत नाही, आणि तुम्ही फुल ड्रॉला अर्धा-पाऊण मिनिट अडकलेले असता, त्या वेळी जे वजन झेपतं ते तुमचं खरं वजन. तीस सेकंद धरून मग बाण सोडायचा सराव करा, तेव्हा पिन बघा. एखादा औंस तिथेच उतरवावासा वाटेल, उतरवा.

पायरी ७: बार कशाचा, डॅम्पर हवा का

कार्बनचा बार हलका आणि ताठ, म्हणजे वजन टोकाला राहतं जिथे ते सगळ्यात उपयोगी असतं. अॅल्युमिनियमचा स्वस्त आणि दणकट पण बारचं स्वतःचं वजन मध्येच पसरतं. हातात घेऊन टोक दाबून बघा, १० इंचांचा बार जाणवण्याइतका वाकत असेल तर सोडून द्या. जाड बार ताठ असतो पण वाऱ्याला जास्त सापडतो, मोकळ्या डोंगरात शिकार करणाऱ्यांनी बारीक बार बघावा. पूर्ण रबराचे मऊ स्टॅबिलायझर पण मिळतात, लिम्बसेव्हरसारखे, ते आवाज आणि झणझणाट छान खातात, आखूड हवा असेल आणि अपेक्षा तेवढीच असेल तर चांगले आहेत, पण तोल आणि स्थिरता मागू नका त्यांच्याकडे.

बार आणि वजनाच्या मध्ये लावायचा रबरी डॅम्पर ही चांगली गोष्ट आहे, बो शांत होतो. मात्र वजन जास्त आणि डॅम्पर मऊ असं झालं की टोक लोंबतं आणि डुलत राहतं. बो हातात धरून हलकेच आडवा झटका द्या, टोकाचं वजन मागाहून डुलताना दिसलं तर जास्त कडक डॅम्पर घ्या. थंडीत रबर कडक होतं हे पण लक्षात असू द्या, कडाक्याच्या थंडीत तोच बो थोडा वेगळा वाजतो.

टोकाच्या वजनांचे आटे सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात, काहींचे ५/१६-२४ तर काहींचे १/४-२०, म्हणजे कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचं माप. नंतर वेगळ्या कंपनीची वजनं घ्यायची असतील तर आधी हे विचारा. वजनं एकेक औंसाची सुटी मिळणारा सेट घ्या, एकच मोठा गोळा असलेला नको, कारण मग पायरी ६ करताच येत नाही.

क्विक डिस्कनेक्ट घ्यावा का, तर बो केसमध्ये ठेवून प्रवास करायचा असेल तर हो, एरवी नाही. जोड जितके जास्त तितके खडखडाट करणारे भाग जास्त. घेतलाच तर त्याचं वजन आणि लांबी हिशोबात धरा.

पायरी ८: बाण सोडून खरं-खोटं करा

पिन छान दिसते म्हणजे ग्रुप छान येईल असं नाही, त्यामुळे निर्णय कागदावर घ्यायचा. २० यार्डांवर, म्हणजे साधारण १८ मीटरवर, सगळेच सेटअप चांगले दिसतात, फरक ४० यार्डांना, ३६-३७ मीटरला दिसतो. दोन सेटअपमध्ये गोंधळ असेल तर एका दिवशी एकापाठोपाठ दोन्ही, प्रत्येकाचे पाच-पाच बाणांचे तीनचार ग्रुप, क्रम उलटसुलट करून, म्हणजे थकव्याचा दोष एकाच्याच माथी येणार नाही. वाईट सुटलेला बाण जो सुटतानाच कळला तो वेगळा खूण करून ठेवा, पण "हा धरायचा नाही" असं प्रत्येक लांब गेलेल्या बाणाला म्हणायला लागलात तर चाचणीला अर्थ उरत नाही. सगळ्यात चांगल्या ग्रुपकडे बघून ठरवू नका, सगळ्यात वाईट ग्रुप कुणाचा कमी वाईट आहे ते बघा, शिकारीत एकच बाण मिळतो आणि तो तुमच्या वाईट दिवसाचाही असू शकतो.

स्टॅबिलायझर बदलल्यावर बाण लागण्याची जागा थोडी सरकू शकते, कारण आता तुम्ही मनगटानं बो सरळ धरत नाही आहात. घाबरू नका, पेपर ट्यून (कागदातून बाण मारून भोक कसं फाटतं ते बघणं) एकदा करून घ्या आणि साइट परत सेट करा. ब्रॉडहेड (शिकारीचं पात्यांचं टोक) लावून पण तपासा, फील्ड पॉइंटला (सरावाच्या साध्या टोकाला) जो पीळ दिसत नाही तो ब्रॉडहेड दाखवतो. सीझन तोंडावर असताना हे सगळं करायला घेऊ नका, दोन महिने तरी हातात असू द्या.

रिकर्व्ह आणि पारंपरिक धनुष्यवाल्यांसाठी

बऱ्याच टेकडाऊन (भाग सुटे होणाऱ्या) रिकर्व्हच्या रायझरला तेच ५/१६-२४ भोक असतं, लाकडी लाँगबोला सहसा नसतं, आणि भोक पाडायला जाऊ नका. बोटानं दोरी सोडणाऱ्यांना दोरी थोडी आडवी हलत सुटते त्यामुळे जडत्वाचा फायदा होतो, पण खूप जण बो मुद्दाम तिरका धरून शूट करतात आणि लांब बार तिरक्या बोवर विचित्र ओढ देतो. त्यांना रायझरला अगदी लागून बसणारं छोटं वजन जास्त मानवतं, दांडा नको. बेअरबो (बिनसाइटच्या धनुष्याची) स्पर्धा खेळत असाल तर वर्ल्ड आर्चरीच्या नियमात दोरी उतरवलेलं धनुष्य सगळ्या सामानासकट १२.२ सेंटिमीटरच्या कड्यातून जावं लागतं, तेव्हा तिथे तर लागून बसणारं वजनच चालतं.

बसवणं आणि सांभाळणं

बार हातानं घट्ट करा, पान्यानं नाही. सैल होण्याचा त्रास असेल तर मध्ये पातळ रबरी वॉशर टाका, किंवा निळा थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा गोंद) अगदी थेंबभर, लाल नको, तो तापवल्याशिवाय सुटत नाही आणि कार्बनजवळ तापवणं म्हणजे नुकसान. बो अचानक वेगळा वाजायला लागला, एक बारीक झिर्रर्र आवाज यायला लागला, की दहापैकी आठ वेळा कुठलंतरी टोकाचं वजन अर्धा फेरा सुटलेलं असतं, आधी तेच बघा, मग बाकीचं उघडायला घ्या.

सगळं ठरलं की ब्रॅकेटचे कोन आणि वजनांची संख्या लिहून ठेवा, फोनमध्ये दोन बाजूंनी फोटो काढा, आणि पांढऱ्या पेंट मार्करनं रायझर आणि बार, बार आणि वजन, ब्रॅकेटचे दोन भाग अशा प्रत्येक जोडावरून एक बारीक रेघ ओढा. रानात पहाटे अंधारात बो केसमधून काढल्यावर टॉर्च मारून रेघा जुळतायत का एवढंच बघायचं, न जुळणारी दिसली की तेवढाच जोड फिरवून रेघेवर आणायचा.